छपाईला फाइल देताना: रंगाचा मोड, पिक्सेल आणि मग फॉरमॅट

"फाइल आरजीबीत आहे, सीएमवायके करून पाठवा." प्रेसमधून असा निरोप आला की नवख्या माणसाची धांदल उडते. आरजीबी म्हणजे स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा हे रंग; सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शाया. कुणी पीएनजी फाइल एखाद्या ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकून सीएमवायके जेपीजी काढतं, तर कुणी फाइलच्या नावातलं शेवटचं ‘पीएनजी’ खोडून तिथे ‘टिफ’ लिहितं. पहिल्या प्रकारात रंग कसे बदलले हे कुणालाच कळत नाही. दुसऱ्या प्रकारात आतली फाइल होती तशीच राहते आणि प्रेसच्या कॉम्प्युटरवर बऱ्याचदा उघडतही नाही.

बहुतेक लोक "जेपीजी देऊ की पीडीएफ?" इथून सुरुवात करतात. खरं तर हा शेवटचा प्रश्न आहे. आधी मशीन कोणतं ते कळायला हवं, त्यावरून रंगाचा मोड ठरतो, मग पिक्सेल पुरेसे आहेत का ते पाहायचं. एवढं झालं की फॉरमॅटला फारसे पर्याय उरत नाहीत. स्मरणिका, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, फ्लेक्स, टी-शर्ट अशा नेहमीच्या कामांसाठी हाच क्रम धरून चला.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- फोटोंच्या मूळ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून थेट घेतलेल्या. फेसबुकवरून उतरवलेल्या नकोत.
- लोगोची व्हेक्टर फाइल (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेली, कितीही मोठी केली तरी न फुटणारी): सीडीआर, एआय, ईपीएस, एसव्हीजी किंवा पीडीएफ.
- कामाचं कापलेलं माप मिलिमीटरमध्ये किंवा इंचांत. फ्लेक्स असेल तर फुटांत.
- कागदाचा प्रकार: आर्ट पेपर, मॅपलिथो की न्यूजप्रिंट.
- सॉफ्टवेअर: फोटोशॉप आणि कोरलड्रॉ किंवा इनडिझाइन. फुकटात करायचं असेल तर फोटोंसाठी क्रिटा आणि पानांसाठी स्क्रायबस. दोन्हींत सीएमवायके चालतं.
- पीडीएफ तपासायला अ‍ॅक्रोबॅट प्रो. तुमच्याकडे नसेल तर प्रेसमध्ये बसून तपासून घ्या.

१. फाइल कोणत्या मशीनवर जाणार ते विचारा

ऑफसेट प्रेस चार शायांवर चालते: सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. प्रत्येक शाईची वेगळी प्लेट बनते, म्हणून तिथे सीएमवायके लागतं. फ्लेक्सच्या मशीनलाही सहसा सीएमवायके फाइल मागतात.

पण "छपाई म्हणजे सीएमवायके" असं सरसकट धरू नका. फोटो स्टुडिओची लॅब, जिथे फोटोच्या कागदावर प्रिंट निघते, तिला एसआरजीबी प्रोफाइलची आरजीबी जेपीजी हवी असते (प्रोफाइल म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचे नेमके रंग कोणते हे सांगणारी माहिती). घरच्या इंकजेट प्रिंटरमध्ये शाईच्या बाटल्या सीएमवायकेच्या असल्या तरी त्याचा ड्रायव्हर आरजीबी फाइल मिळेल असंच धरून चालतो. तुम्ही आधीच सीएमवायके करून दिलं तर रंग दोनदा बदलतात आणि प्रिंट मळकट येते. टी-शर्टच्या डीटीएफ छपाईलाही (आधी फिल्मवर छापून मग कापडावर उतरवतात ती) साधारणपणे आरजीबी पीएनजीच मागतात.

प्रेसला इतकं विचारा: मशीन कोणतं, मोड कोणता, सीएमवायके असेल तर प्रोफाइल कोणतं, ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून मापाबाहेर वाढवलेला भाग) किती आणि फाइल कशात हवी. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागवा.

२. रंगाचा मोड ठरवा

रंगीत फोटो ऑफसेटला जाणार असेल तर सीएमवायके. स्क्रीनवर, लॅबमध्ये किंवा इंकजेटवर जाणार असेल तर आरजीबी. यात गोंधळ कमी होतो. खरी गफलत पुढच्या तीन ठिकाणी होते.

कृष्णधवल फोटो ग्रेस्केलमध्येच द्या. फोटो दिसायला काळा-पांढरा असला तरी फाइल आरजीबी असेल, तर रूपांतरानंतर त्यातला राखाडी रंग चारही शायांतून तयार होतो. छापताना एखादी शाई थोडी जास्त बसली की फोटोवर गुलाबी किंवा हिरवी झाक येते. स्मरणिकेतल्या जुन्या फोटोंचं हेच होतं. एका पानावर आजोबा हिरवट दिसतात, दुसऱ्या पानावर लालसर. ग्रेस्केल फाइल फक्त काळ्या प्लेटवर जाते, त्यामुळे झाक येण्याचं कारणच उरत नाही.

सही, शिक्का, सुलेखन, रेखाचित्र यांसाठी बिटमॅप मोड आहे. यात प्रत्येक पिक्सेल एकतर काळा असतो, नाहीतर पांढरा. मधलं काही नाही. स्कॅन १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपक्यांनी करा. ए४ पान १२०० डीपीआयला स्कॅन केलं तरी बिटमॅप टिफ १७-१८ एमबीच्या आसपास राहते, आणि सीसीआयटीटी ग्रुप ४ कॉम्प्रेशन लावलं की बरीच लहान होते. हीच रेघ ३०० डीपीआयच्या ग्रेस्केलमध्ये दिली तर तिच्या कडा छपाईच्या ठिपक्यांत विरघळतात.

सोनेरी, चंदेरी किंवा एखाद्या कंपनीचा ठरलेला पँटोन रंग हा स्पॉट रंग असतो. त्याची शाई वेगळी आणि प्लेटही वेगळी. चार रंगांच्या मिश्रणातून सोनेरी चमक निघत नाही, मोहरीसारखा पिवळा निघतो. पत्रिकेवर सोनेरी फॉइल हवं असेल तर तो भाग व्हेक्टरमध्ये, स्वतंत्र स्पॉट रंग म्हणून द्या. ब्लॉक बनवणारा बहुतेक वेळा फक्त शंभर टक्के काळ्यातली आकृती मागतो. त्यात छटा किंवा सावली चालत नाही.

३. पिक्सेल मोजा

ऑफसेटवर आर्ट पेपरला साधारण १५० लाइनची स्क्रीन असते, म्हणजे इंचाला छपाईच्या ठिपक्यांच्या १५० ओळी. फोटोला तिच्या दुप्पट, म्हणजे छापायच्या मापात इंचाला ३०० पिक्सेल लागतात. वर्तमानपत्राची स्क्रीन ८५ ते १०० लाइनची असते, तिथे २०० पुरतात.

हिशेब सोपा आहे: इंच गुणिले ३००. ए४ पानभर फोटोला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल हवेत. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड धरलं तर माप २१६ गुणिले ३०३ मिलिमीटर होतं आणि पिक्सेल २५५१ गुणिले ३५७९.

इमेज साइजच्या खिडकीत ७२ खोडून ३०० लिहिलं की काम झालं, असं अनेकांना वाटतं. ‘रीसॅम्पल’ची खूण काढलेली असेल तर पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त इंच कमी होतात. खूण तशीच असेल तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं. फाइल जड होते, फोटो मऊच राहतो. म्हणून आधी खूण काढून ३०० लिहा आणि इंच किती उरतात ते वाचा. फोटो फार तर तेवढ्याच मापात छापायचा. कॅमेऱ्याच्या फाइलवर ७२ लिहिलेलं असलं तरी घाबरू नका, पिक्सेल ६००० असतील तर तो आकडा बिनमहत्त्वाचा आहे.

फ्लेक्स लांबून पाहतात, म्हणून पूर्ण मापात ७२ पुरतात. १० गुणिले ८ फुटांच्या बॅनरला ८६४० गुणिले ६९१२ पिक्सेल लागतात. हेच काम कोरलमध्ये एक दशांश मापात केलं तर एक्स्पोर्टला ७२० डीपीआय द्यावे लागतात. इथे सवयीने ३०० ठेवले तर मोठं करताना ३०च उरतात आणि चेहरे फुटतात. मापाचं प्रमाण फाइलच्या नावात लिहा, नाहीतर ऑपरेटरला ते कळायला मार्ग नसतो.

४. आता फॉरमॅट

जेपीजी. आरजीबी, सीएमवायके आणि ग्रेस्केल तिन्ही चालतात. पारदर्शक भाग आणि लेयर चालत नाहीत. माहिती टाकून देऊन फाइल लहान होते आणि दर वेळी पुन्हा सेव्ह केलं की आणखी माहिती जाते. फोटोसाठी चांगला फॉरमॅट आहे. फोटोशॉपमध्ये क्वालिटी १० ते १२ ठेवा. ६ आणि त्याखाली गेलात तर रंगाची माहिती निम्म्या बारकाईने साठवली जाते. त्वचेवर ते कळत नाही, पण पिवळ्यावरच्या लाल अक्षराची कड लगेच फाटते.

अक्षरांसाठी जेपीजी वापरू नका. तो चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन करतो. पांढऱ्यावर काळी कड आली की त्या चौकोनात करडे डाग उठतात. ‘संस्थेचे’ हा शब्द चारशे टक्के मोठा करून पाहा: ‘सं’वरच्या अनुस्वाराभोवती धुरकट चौकट दिसेल आणि मात्रा जिथे शिरोरेषेला टेकते तिथे कड कुरतडलेली असेल. आर्ट पेपरवर हे छापून येतं. रोमन लिपीपेक्षा देवनागरीत ते जास्त खटकतं, कारण आपल्या अक्षरांचा बारीक भाग रेषेच्या वर-खाली लटकलेला असतो.

टिफ. छपाईच्या फोटोंसाठी सगळ्यात भरवशाचा. बिटमॅप, ग्रेस्केल, आरजीबी, सीएमवायके, लॅब नावाचा रंगमोड, चॅनलला १६ बिट, स्पॉट चॅनल, सगळं यात बसतं. एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनने काहीही गमावलं जात नाही. प्रेसला देताना लेयर सपाट करा. तसेच ठेवले तर फाइल अनेक पटींनी फुगते आणि जुनी मशीनं अडखळतात. ए४ पानाची ३०० डीपीआयची सीएमवायके टिफ कॉम्प्रेशनशिवाय ३५ एमबीच्या आसपास असते. फाइल ३ एमबीची दिसली तर कुठेतरी पिक्सेल गेले आहेत अशी शंका घ्या.

पीएनजी. आरजीबी, ग्रेस्केल आणि इंडेक्स्ड (ठरावीक रंगांची यादी) एवढंच. पीएनजीत सीएमवायके बसतच नाही. सीएमवायके कामातून पीएनजी एक्स्पोर्ट केली की ती परत आरजीबी होते. स्क्रीन, टी-शर्ट आणि पारदर्शक पार्श्वभूमीचा लोगो यांसाठी उत्तम. डीटीएफला देताना मऊ सावल्या काढून टाका: अर्धपारदर्शक कडेखाली पांढऱ्या शाईचा थर येतो आणि कापडावर पांढुरकी किनार उठते.

जिफ २५६ रंगांचा, तो छपाईला नकोच. वेबपीमध्येही सीएमवायके नाही. संकेतस्थळासाठी ठेवा.

एचईआयसी. आयफोनचे फोटो यात येतात. प्रेसच्या कॉम्प्युटरवर उघडतील याची खात्री नसते, शिवाय त्यांचं प्रोफाइल बहुधा डिस्प्ले पी३ असतं, जे एसआरजीबीपेक्षा मोठं आहे. फोटोशॉपमध्ये उघडा, प्रोफाइल रूपांतरित करा, मग टिफ किंवा जेपीजी काढा.

पीएसडी. मूळ फाइल ठेवायची ती यात. लेयर आणि सगळे मोड टिकतात. बाजूला ३०,००० पिक्सेलची मर्यादा आहे. त्याहून मोठ्या बॅनरला पीएसबी.

ईपीएस. जुना फॉरमॅट. जुन्या लोगोंसाठी अजून भेटतो. पारदर्शकता टिकत नाही, म्हणून नवीन काम यात काढू नका.

सीडीआर. आपल्याकडच्या बऱ्याच छापखान्यांचं काम कोरलमध्येच चालतं, म्हणून "ओपन फाइल द्या" म्हणजे बहुधा सीडीआर. त्यांची आवृत्ती विचारा आणि त्या किंवा त्याआधीच्या आवृत्तीत सेव्ह करा.

पीडीएफ. अक्षरं, व्हेक्टर आणि फोटो एकत्र आहेत असं पूर्ण पान असेल तर दुसरा पर्याय शोधू नका.

५. आरजीबीचं सीएमवायके: एकदाच, आणि शेवटी

सगळी सुधारणा आरजीबीत करा: उजेड, कॉन्ट्रास्ट, त्वचेचा रंग. मूळ पीएसडी आरजीबीतच राहू द्या. सीएमवायके तिच्या प्रतीत, अगदी शेवटी करा. एकदा सीएमवायके झालेली फाइल परत आरजीबी केल्याने गेलेले रंग परत येत नाहीत, आणि इकडून तिकडे प्रत्येक फेरीत थोडं नुकसान होतंच.

फोटोशॉपमध्ये ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरा आणि प्रेसने सांगितलेलं प्रोफाइल निवडा. ‘असाइन प्रोफाइल’ ही वेगळी गोष्ट आहे. तिने आकडे तेच राहतात आणि फक्त त्यांचा अर्थ बदलतो. रंग अचानक भडक किंवा फिके झाले तर बहुतेक वेळा इथेच चूक झालेली असते. सेव्ह करताना प्रोफाइल एम्बेड करा.

रूपांतराआधी कंट्रोल वाय दाबून प्रूफ पाहा. काही रंग चार शायांच्या पल्ल्याबाहेरचे असतात, ते मरणारच. सगळ्यात आधी मरतो स्क्रीनवरचा शुद्ध निळा: फोटोशॉपच्या नेहमीच्या स्वॉप प्रोफाइलमध्ये तो सायन ८८ टक्के, मॅजेंटा ७७ टक्के होतो (पुढचे आकडेही टक्क्यांत) आणि छापून जांभळा येतो. निळा निळाच हवा असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. झेंड्याच्या भगव्यासाठी मॅजेंटा ६०, पिवळा १०० इथून सुरुवात करा आणि त्यात सायनचा एक टक्काही येऊ देऊ नका, थोडासा सायनही भगव्याला मातकट करतो. कुंकवाच्या लालसाठी मॅजेंटा १००, पिवळा १००. पार्श्वभूमी, पट्ट्या, शीर्षक अशा सपाट रंगांचे आकडे असे हातानेच भरा. रूपांतरावर सोडलं तर ८७, ३, ९९ असे आकडे येतात आणि दर पानावर रंग थोडा निराळा दिसतो.

६. काळा रंग

आरजीबीतला शुद्ध काळा स्वॉपमध्ये सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९० असा होतो. मजकूर असा छापला तर एकेक अक्षर चार प्लेटांवरून येतं. रजिस्ट्रेशन, म्हणजे चारही प्लेटांचं एकमेकांवर नेमकं बसणं, केसभर हललं तरी पुरे. छापलेल्या अक्षरावर भिंग धरा: दंडाच्या एका कडेला निळसर रेघ, दुसरीला गुलाबी, आणि अनुस्वाराचं टिंब चार जागी सरकलेलं दिसतं. मजकूर नेहमी फक्त काळा १०० मध्ये, ओव्हरप्रिंट लावून, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापून. वर्डमधून आलेला मजकूर आरजीबी काळा असतो, त्याच्याकडे आवर्जून पाहा.

मुखपृष्ठावरच्या मोठ्या काळ्या पट्ट्याला मात्र नुसता काळा १०० राखाडी वाटतो. तिथे सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० द्या. एकूण २४० टक्के शाई होते. आर्ट पेपर साधारण ३०० टक्के सोसतो, न्यूजप्रिंटला २४० च्या आत राहा. जास्त झाली तर शाई सुकत नाही आणि मागच्या पानाला डाग लागतात.

पांढऱ्या अक्षराला चुकूनही ओव्हरप्रिंट लागलेलं नको. स्क्रीनवर ते दिसतं, प्लेटवर गायब होतं.

७. देवनागरी मजकूर आणि फॉन्ट

जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधलं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्टशिवाय उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोड असलं तरी फॉन्ट बदलला की जोडाक्षरं सुटतात आणि ओळी सरकतात. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करा. सीडीआर देणार असाल तर मजकूर कर्व्ह करून (अक्षरांच्या आकृत्या करून) द्या, कोरलमध्ये कंट्रोल क्यू. कर्व्ह केलेला मजकूर पुन्हा दुरुस्त करता येत नाही, म्हणून कर्व्हची फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि मुद्रितशोधन त्याआधीच संपवा.

मजकूर फोटोशॉपमध्ये टाइप करून पानाची जेपीजी देण्याची सवय सोडा. ३०० डीपीआयला नऊ पॉइंटची वेलांटी पिक्सेलच्या पायऱ्यांची होते. व्हेक्टर अक्षर मशीनच्या पूर्ण बारकाईने छापलं जातं.

८. पीडीएफ काढा आणि तपासा

पीडीएफ/एक्स-१ए हे २००१ चं प्रमाण आहे: फक्त सीएमवायके, ग्रेस्केल आणि स्पॉट रंग, फॉन्ट आत, पारदर्शकता सपाट. जुन्या यंत्रणेच्या प्रेसला हेच द्या. पीडीएफ/एक्स-४ मध्ये पारदर्शकता जिवंत राहते आणि प्रोफाइलसह आरजीबी फोटोही चालतात. प्रेसने मागितलं तरच द्या. एक्स्पोर्टमध्ये ब्लीड ३ मिलिमीटर आणि कटिंग मार्क चालू करा. महत्त्वाचा मजकूर कापायच्या रेषेपासून निदान ५ मिलिमीटर आत असू द्या.

मग अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये ‘आउटपुट प्रीव्ह्यू’ उघडा. काळी प्लेट बंद करा: मजकूर पूर्ण नाहीसा व्हायला हवा. सावलीसारखं काही उरलं तर काळा चार रंगांत आहे. न मागितलेली पाचवी प्लेट यादीत दिसली तर एखादा लोगो पँटोनमध्ये राहून गेला आहे. तो सीएमवायके करा, नाहीतर पाचव्या प्लेटचं बिल येईल.

९. पाठवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल लहान केली जाते. साध्या क्वालिटीत मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे ३०० डीपीआयला जेमतेम सव्वापाच इंच. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. लेखकांकडून फोटो मागवतानाही हेच सांगा. फोटो वर्डमध्ये चिकटवून घेऊ नका, वर्ड सेव्ह करताना त्यांचं रिझोल्यूशन कमी करतं.

फाइलचं नाव रोमन अक्षरांत, माप आणि तारखेसह ठेवा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटची’ अशा तीन फाइली गेल्या की चुकीची छापली जाण्याची भीती असते.

१०. प्रूफवर सही करण्याआधी

प्रूफ त्याच कागदावर मागा. चकचकीत कागदावर दिसलेला लाल मॅपलिथोवर तसा येत नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात न पाहता दिवसा खिडकीजवळ पाहा. त्वचेचे रंग, भगवा, लोगो, बारीक अक्षरांतले अनुस्वार आणि रफार या क्रमाने तपासा. मग पानांचा क्रम, आणि कापलेलं माप पट्टीने मोजा. डिजिटल मशीनवरचं प्रूफ ऑफसेटच्या रंगाची हमी देत नाही. रंगाला खरोखर महत्त्व असेल तर छपाई सुरू होताना मशीनपाशी उभं राहून पहिली शीट मंजूर करू देतील का, हे दर ठरवतानाच विचारून घ्या. मंजूर केलेल्या शीटवर सही आणि तारीख घाला आणि तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. उरलेले गठ्ठे आल्यावर रंग तिच्याशीच ताडून पाहायचा असतो.